कोरडी डोंबिवली

“ताई, अजमान म्हणजे आपली डोंबिवलीच हो, फक्त कोरडी.”

विलासराव हे म्हणाले तेव्हा ते आमच्या बाहेरच्या खोलीत प्रेशर कुकर टॉवेलात गुंडाळून बॅगेत बसवत होते. माझ्या धाकट्या बहिणीला, आशाला, ते पहिल्यांदाच तिकडे घेऊन चालले होते. नोकरी दुबईला, पण तिथलं भाडं परवडत नाही म्हणून राहायला अजमान. माझा चेहरा बघून त्यांनी माझी काळजी त्या एका वाक्यात मिटवून टाकली. त्याला आता अठरा वर्षं होत आली.

मी शाळेत भूगोल शिकवते. तरीही नकाशा उघडून बघण्याऐवजी मी त्या वाक्यावर विश्वास ठेवला आणि मनातल्या मनात वाळवंटात एक डोंबिवली वसवून टाकली. आशा संध्याकाळी पिशवी घेऊन भाजीला निघते, वाटेत तिला चार जणी भेटतात. कोपऱ्यावर पोळीभाजी केंद्र आहे. वरच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून विचारतात, “आज उशीर झाला गं?” पाऊस तेवढा नाही. एरवी सगळं आपल्यासारखंच. इतकी वर्षं मी त्या गावातल्या बहिणीशी फोनवर बोलत होते.

यंदा जूनमध्ये मी अजमानला जाऊन आले. जायचा विचार असेल त्यांना उपयोगी पडेल ते सांगतेच, पण मला जे कुणी आधी सांगितलं नव्हतं तेही सांगायचं आहे.

जायचं ठरलं ते सईमुळे. सई आशाची एकुलती एक मुलगी. आशाला तेव्हा डॉक्टरांनी विमानप्रवास करू दिला नाही, त्यामुळे बाळंतपण तिकडेच झालं. तिकडचं कॉलेज आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून तिथली बरीच भारतीय मुलं बारावी झाली की इकडे येतात. सई आमच्याकडे राहून शिकणार हे ती पाचवीत असल्यापासून ठरलेलं होतं. आम्हाला मूल नाही. आमच्या दारात मुलीच्या चपला मी फक्त तिच्या शाळेच्या मोठ्या सुट्टीत पाहिल्या आहेत, त्याही एक वर्षाआड. या वेळी ह्यांनी मागच्या खोलीला रंग दिला, मी पडदे शिवून घेतले, दोनदा बदलले. मग आशाचा फोन आला.

“ताई, तूच ये आणि तिला घेऊन जा. ती एकटी येणार नाही म्हणते.”

लाइनमध्ये खरखर होती. “एकटी येणार नाही म्हणते, की येणारच नाही म्हणते?”

“तू ये,” आशा म्हणाली. “आणि अनारसे आणणार असलीस तर खसखस लावू नकोस. इथं खसखस म्हणजे अफूच धरतात. तुला विमानतळावरूनच आत घेतील.”

मी अनारसे रद्द केले आणि चिरोटे नेले. जाणाऱ्यांनी हे खरंच लक्षात ठेवा. मसाल्याच्या पुड्यासुद्धा तपासून घ्या, खसखस कुठल्या गरम मसाल्यात असेल सांगता येत नाही. दुसरं म्हणजे व्हिसाचा मूळ कागद तिकडच्या विमानतळावर जमा असतो, आपल्या हातात नुसता फॅक्स. त्यामुळे विमानात बसेपर्यंत आपण खोटं काहीतरी करतोय असं वाटत राहतं. तिसरं, जूनमध्ये जाऊ नका. माझा इलाज नव्हता.

शारजाच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. मला काही दिसेना. पुसला, परत धरली. समुद्रकाठची हवा, ओल्या घोंगडीसारखी अंगावर येणारी.

“कोरडी म्हणे!” मी चष्मा पुसत म्हणाले.

“पावसापुरतं बोललो होतो, ताई,” विलासराव बॅग ढकलत हसले. “घामाचं कुठं बोललो होतो?” डोक्यावरचे केस गेलेत त्यांचे, विनोद तसेच आहेत. “आणि तुमच्या माहितीसाठी, या देशात कोरडं म्हणजे दारूबंदी. त्या हिशेबाने कोरडं शारजा. अजमान चांगलंच ओलं आहे.”

सई मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसली होती. माझ्याहून उंच झालेली, हात मात्र लहानपणीसारखा माझ्या हातात दिलेला. “हाऊ वॉज युअर फ्लाइट, मावशी?” एवढंच बोलली आणि बाहेर बघत राहिली.

गाडी चालली होती ते शहर शारजा होतं. मी विचारलं, अजमान कुठून सुरू होतं?

“तो पेट्रोल पंप दिसतोय? तो शारजा. त्याच्या मागची गल्ली अजमान.”

“पाटी नाही?”

“पाटी कशाला? भाडं कमी झालं की समजायचं अजमान आलं.”

मी हसले, पण नंतर नकाशा पाहिला तेव्हा गोष्ट खरी निघाली. अजमान हे अमिरातींपैकी सगळ्यात लहान. शहराच्या एका बाजूला समुद्र, उरलेल्या तिन्ही बाजूंना शारजा. आधीच छोटी आणि त्यात दुसऱ्याच्या अंगणात उभी असलेली खोली असावी तसं. सकाळी अर्धं गाव शारजातून दुबईकडे जातं आणि रात्री त्याच रस्त्यावर अडकून परत येतं. सरळ गेलं तर अर्ध्या तासाचा रस्ता, पण विलासराव घरून उजाडता निघतात. गाडीत त्यांनी एक उशी ठेवली आहे. लवकर पोचून ऑफिसच्या पार्किंगमध्ये झोपतात. हे मला आशाने अठरा वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं.

आशाचं घर चौथ्या मजल्यावर. दार उघडून तिने मला मिठी मारली, आणि तिच्या खांद्यावरून मला समोरची खिडकी दिसली. खिडकीखाली वाळू. शोभेची नाही, समुद्राचीही नाही, नुसतीच पडलेली पिवळट वाळू, तिच्यावर वेड्यावाकड्या लावलेल्या गाड्या, आणि पलीकडे तशीच दुसरी इमारत. त्या इमारतीपलीकडे परत वाळू. रस्ते मोठे आणि गुळगुळीत, पण इमारतीपासून रस्त्यापर्यंत पोचायला वाळूच तुडवायची.

सकाळी मी सवयीने पिशवी घेतली. “कुठे निघालीस?” आशाने विचारलं.

“भाजी बघते जरा. पाय मोकळे होतील.”

“ताई, इथं पाय मोकळे करत नाहीत गं,” ती म्हणाली आणि फोन उचलून हिंदीत कोथिंबीर, दही, अंडी सांगितली. खालच्या दुकानाला तिथं बकाला म्हणतात. दहा मिनिटांत पिशवी दारात. तरीही मी उतरले. फूटपाथ नाही, माणूस नाही, बाई तर नाहीच. कोपऱ्यावरच्या भट्टीतून एक अफगाणी गरम खुबूस काढत होता. खुबूस म्हणजे मोठी फुगीर रोटी, एका दिरहमला चार. दिरहमचे बारा रुपये असा हिशेब करत मी त्या घेऊन वर आले तेव्हा साडी घामाने पाठीला चिकटली होती. इतकी वर्षं मी जिला गर्दीच्या रस्त्यावर चार जणींशी बोलताना पाहत आले होते, ती माझी बहीण या खिडकीशी बसून फोनवर कोथिंबीर मागवत होती.

आणि पत्ता. मी दर दिवाळीला फराळाचं पार्सल पाठवायची, सईच्या वाढदिवसाला पत्र. त्यावर नाव, मग बॉक्स नंबर, मग अजमान. मला वाटायचं बॉक्स म्हणजे आपल्याकडे ब्लॉक असतो तसं काहीतरी. विलासराव मला पोस्टात घेऊन गेले. भिंतभर लोखंडी कप्पे, प्रत्येकाला छोटं कुलूप. त्यांनी किल्ली लावून एक उघडला. “हे घ्या ताई, तुमच्या बहिणीचं घर. कंपनीच्या नावाने आहे.”

आत अंधार होता आणि एक जाहिरातीचं पत्रक होतं. घरांना तिथं पत्ता नसतोच. बकालावाल्याला सांगायचं, मशिदीसमोर, हिरव्या पाटीच्या लाँड्रीवर, चौथा मजला. लाँड्री बदलली की पत्ता बदलला.

भूगोलात मी दर वर्षी लोकसंख्येचा मनोरा शिकवते. खाली लहान मुलं, मध्ये कमावते, वर निमुळते होत गेलेले म्हातारे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही समुद्रावर गेलो. तिथं कॉर्निश म्हणतात. जुलेखाभाभीही बरोबर होत्या, आशाच्या समोरच्या फ्लॅटमधल्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, नवऱ्याचा मासळीचा व्यवसाय. आल्या आल्या “कवा आलाव ताई?” म्हणून त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. ऊन उतरलं होतं, सगळं गाव बाहेर पडलेलं. मी माणसं बघत होते आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. बराच वेळ कळेना. मग कळलं. काठी टेकत चालणारं कुणी नव्हतं. बाकावर नुसतं बसलेलं कुणी नव्हतं.

“विलासराव, म्हातारी माणसं कुठं आहेत?”

“म्हातारी?” त्यांनी बोटाने हवेत रेघ मारली. “साठ झाली, नोकरी खलास. नोकरी खलास, व्हिसा खलास. व्हिसा खलास की घरी जा. इथं म्हातारं व्हायची परवानगी नाही, ताई.”

“कुणालाच?”

“अरबांना आहे. ती त्यांची घरं.” त्यांनी दूर झाडांमागच्या भिंती दाखवल्या. “पैसा असेल तर आणखी कुणाला. बाकी आम्ही सगळे भाड्याचे.”

पुरुष मात्र अमाप. वाळूत पाच-पाच, दहा-दहाच्या घोळक्याने बसलेले, फोनकार्डं खरवडत बूथसमोर रांगेत उभे. जुलेखाभाभींनी त्यातल्या एकाला हाक मारली. “आमचा थोरला भाव. बॅचलर हाय.”

पन्नाशीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. मी हळूच म्हटलं, “लग्न नाही केलं का?”

भाभी तोंडावर पदर घेऊन हसल्या. “लगीन? चार पोरं हायत ताई त्येला! सून आली गेल्या साली!”

सईने मला समजावलं. “मावशी, हिअर बॅचलर म्हणजे विदाउट फॅमिली. वाइफ इज इन गाव.”

सगळे हसत होते. मीही हसले. पण त्या माणसाने मला “सलाम, बेहेन” म्हटलं, आणि त्याच्या खिशातून डोकावणारा चुरगळलेल्या कोपऱ्यांचा फोटो दिसला, आणि माझं हसू तोंडातच राहिलं. चार मुलांचा बाप, तीस वर्षांचा संसार, आणि त्याला शब्द काय, तर बॅचलर. एका खोलीत आठ जण राहतात, पलंगावर पलंग, हे मी नंतर विचारून घेतलं. फळ्यावर मी काढते त्या मनोऱ्याला इथं पाया नव्हता आणि टोकही नव्हतं. नुसतं मधलं पोट, तेही बहुतेक पुरुषांचं.

दुसऱ्या दिवशी भाभी सांदणं घेऊन आल्या. हळदीच्या पानात उकडलेली, वरून ओलं खोबरं. पानं गावाहून आणून फ्रीजरात ठेवलेली. सई बाहेर गेली होती, तिची बॅग जमिनीवर उघडी होती. भाभींनी तिच्याकडे पाहिलं. “डिसेंबरात येयाची ना ही? न्हाय आली तर विझा जाईल.”

“कसला व्हिसा?” मी विचारलं.

“हिचाच. सा म्हयने भायेर ऱ्हायली की विझा खलास. माझ्या रुखसानाचा तसाच ग्येला. आता येते ती पावणी म्हनून येते.”

आशा लगबगीने उठली आणि चहा ठेवायला आत गेली. मी तिच्यामागे गेले. स्वयंपाकघरात एसी नव्हता, भिंतीवरचा पंखा गरम हवा फेकत होता.

“तू मला हे बोलली नाहीस.”

“काय बोलायचं?”

“तिला दिवाळीत बोलवणार आहेस ना? सहा महिने होण्याआधी?”

आशाने पातेल्यात साखर टाकली. मग पुन्हा टाकली, विसरून. “नाही,” ती म्हणाली. “तुटू दे एकदा. दर सुट्टीला इकडे आली तर तिचं तिकडे मन लागणार नाही. माझंच बघ ना ताई. एक वर्षाआड येत राहिले. इथं असले की डोंबिवली, तिथं आले की इथला गॅस बंद केला का. कुठंच लागलं नाही. तिचं तरी एका ठिकाणी लागू दे.”

“तिला सांगितलंयस?”

“तिला काय कळतंय त्यातलं? आत्ताच रडायला लागेल. सांग ना तिला तू, तिकडे किती छान आहे ते.”

मी माझ्या बहिणीकडे बघत राहिले. लहानपणी मांजरीची पिल्लं कुणी न्यायला आलं की ही पलंगाखाली लपायची. इथं ती वाकून गॅस बारीक करत होती, केसांत पांढरी रेघ, आणि स्वतःची पोर तोडायची म्हणत होती. चहा इतका गोड झाला की भाभींनी अर्धा कप ठेवला.

शुक्रवारी सुट्टी. तिकडचा आठवडा शुक्रवारी थांबतो, रविवारी सगळे कामावर असतात. मी इतकी वर्षं रविवारी निवांत फोन करायची आणि आशा सईच्या शाळेच्या घाईत असायची, याचाही उलगडा तिथं झाला. दुपारच्या नमाजापर्यंत बहुतेक सगळं बंद असतं, त्यामुळे खरेदीला चारनंतरच निघा. आम्ही शारजातल्या रोल्लाला गेलो. जुनी बाजारपेठ. पिना, बांगड्या, मुंबईत मिळतात तशाच साड्या, मुंबईत मिळतो त्याहून बरा वडापाव. भाव करा, दुकानदार “आप बोलो, हबीबी” म्हणतो आणि अर्ध्यावर येतो. विलासराव आणि आशा बॅग घ्यायला गेले, मी आणि सई मधल्या चौकातल्या हिरवळीवर बसलो. आमच्याभोवती पुरुषच पुरुष होते, दाटीवाटीने, सगळ्या भाषांतले, आठवड्याचं बोलणं एका संध्याकाळी उरकणारे.

चौकाच्या मध्ये एक स्मारक आहे, त्यात झाडाचा आकार. सई म्हणाली, “मावशी, दॅट्स माय वड.”

“काय?”

रोल्ला म्हणजे वडच. इथं पूर्वी खरोखरीचा प्रचंड वड होता, त्याच्या सावलीत बाजार भरायचा. तो वठून गेला. मग आठवण म्हणून हे बांधलं. सई चार वर्षांची असताना आशाने तिला वटपौर्णिमेची गोष्ट सांगितली होती आणि इथं आल्यावर बोट दाखवून म्हणाली होती, हा इथला वड. सईने ते शब्दशः घेतलं. वड म्हणजे हे. सिमेंटचं, मोठं, बायका ज्याला दोरा गुंडाळतात ते.

“देन वी केम टू युअर हाऊस, आणि तू मला ते मोठं झाड दाखवलं, तुझ्या शाळेजवळ. तू म्हणाली हा वड. आय थॉट...” ती हसायला लागली, “आय थॉट, किती छान कॉपी केली आहे!”

मी इतकी हसले की शेजारची माणसं वळून बघायला लागली. ती पण हसत होती. मग हसता हसता मी म्हणून गेले, “आता खऱ्या वडाजवळच राहायला यायचंय. परत आलीस की रोज दाखवीन.”

तिचं हसणं थांबलं.

“मावशी, कॅन आय आस्क समथिंग? एव्हरीबडी सेज परत. आई म्हणते परत जायचं. बाबा म्हणतात एक दिवस सगळ्यांनाच परत जायचंय. टीचर्स पण, सो यू आर गोइंग बॅक. परत म्हणजे जिथून आलो तिथे ना?”

“हो.”

“बट आय डिडन्ट कम फ्रॉम देअर.”

तिचं मराठी मोडकं आहे असं आम्ही नेहमी चिडवतो. त्या संध्याकाळी मला वाटलं, तो शब्द आमच्यापैकी फक्त तिलाच नीट येतो.

“सई,” मी म्हटलं, “व्हिसाचं...”

“सिक्स मंथ्स. आय नो.” ती गवताची पाती खुडत होती. “इथं सगळ्यांना माहीत असतं, मावशी. के.जी.पासून. आईला वाटतं मला माहीत नाही. डोन्ट टेल हर, ओके? शी विल क्राय.”

या प्रवासात मला पुष्कळ धक्के बसले. हा सगळ्यात मोठा. आई लेकीला सांगत नव्हती, ती रडेल म्हणून. लेक आईला सांगत नव्हती, ती रडेल म्हणून. आणि मी दोघींच्या मध्ये, शिवून आणलेल्या पडद्यांचा रंग मनात घोळवत बसलेली. मला मुलगी मिळणार म्हणून मी इतकी आनंदात होते की तिचं काय जाणार हे मी विचारलंच नव्हतं. मला ती वाळू दिसत होती. तिला त्या वाळूत ती कुठं सायकल शिकली ते दिसत होतं.

निघायच्या दिवशी जुलेखाभाभींनी तिला बसवून डोक्यावरून बोटं मोडली. विमानतळावर आशा एकदाही रडली नाही. तिने सईच्या ओढणीची पिन तीन वेळा काढून लावली. विलासरावांना त्या दिवशी एकही विनोद सुचला नाही. “यल्ला, उशीर होईल,” एवढंच म्हणाले.

पासपोर्टच्या खिडकीत पांढऱ्या कपड्यातला एक तरुण अरब अधिकारी होता. त्याने सईचा पासपोर्ट चाळला, जन्मस्थान वाचलं, तिच्याकडे बघून हसला. “अजमान! हॉलिडे?”

सईने माझ्याकडे पाहिलं नाही. “येस,” ती म्हणाली. “हॉलिडे.”

“कम बॅक सून.”

“इन्शाल्ला,” सई म्हणाली. त्याने शिक्का मारला.

आता ऑगस्ट संपत आलाय. सई कॉलेजला जाते, माझ्या हातची आमटी तिला आवडते, ह्यांच्याशी कॅरम खेळते. शहाण्यासारखी राहते. शहाण्यासारखी म्हणजे पाहुण्यासारखी. फ्रीज उघडताना विचारते. बरोबर आणलेल्या खुबूसच्या पाकिटातल्या शेवटच्या दोन तिने बरेच दिवस खाल्ल्या नाहीत, शेवटी बुरशी आल्यावर मीच टाकल्या. रिक्षावाल्याला ती सोसायटीचं नाव सांगत नाही. देवळासमोर, निळ्या पाटीच्या मेडिकलवर, दुसरा मजला, असं सांगते. गेल्या आठवड्यात तळमजल्यावरच्या काकूंनी जिन्यात विचारलं, “काय गं सई, परत कधी आलीस?” “डिसेंबरमध्ये, काकू,” ती म्हणाली. काकूंना वाटलं, पोरीला मराठी कळत नाही.

तुम्ही अजमानला जात असाल तर थंडीत जा, समुद्र बघा, खुबूस गरम असताना खा, खसखस नेऊ नका. गाव छोटं आहे, एका दुपारी बघून होतं. मला तिथं एकही जागा सुंदर वाटली नाही. पण रोज रात्री झोपताना मी त्या खिडकीखालची वाळू बघते, आणि आता तिच्यात एक सायकल असते.

विलासराव, तुम्ही हा ब्लॉग ऑफिसात चोरून वाचता हे मला माहीत आहे. आज हा शेवट घरी नेऊन आशूला वाचून दाखवा.

आशू, मी तिला कबूल केलं होतं की तुला सांगणार नाही, आणि इथं लिहून मी तो शब्द मोडते आहे. तिला सगळं माहीत आहे. अगदी पहिल्यापासून. डिसेंबरात सहा महिने भरतील. कॉलेजला दिवाळीची सुट्टी त्याआधी आहे, तिकीट मी काढते. तू म्हणशील, गेली तर ती पुन्हा डोंबिवलीला येणार नाही. नाही आली तर नाही. खोली आहे, पडदे आहेत, मी आहे. तू म्हणशील, तुटू दे. तू लहानपणापासून हट्टी आहेस, आणि या वेळी तर तुझं कारणही खरं आहे. तू नाहीच म्हणणार, हे लिहितानाच मला ऐकू येतंय. तरी मागते.

दिवाळीत तिला परत बोलव.